गिटारची पहिली परीक्षा बोटांच्या टोकांवर

दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या की मुंबई-पुण्यातील वाद्यांच्या दुकानांत गिटार पाहायला येणाऱ्यांची वर्दळ वाढते. क्लासमध्ये नाव घातले जाते, पहिला आठवडा मोठ्या उत्साहात पार पडतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक ठरावीक तक्रार ऐकू येऊ लागते, 'बोटे फार दुखतात.' सराव एक दिवसाआड होतो, मग रविवारपुरता उरतो आणि अखेर गिटार कपाटावर जाऊन बसते. 'आमच्याकडे संगीताचे अंगच नाही' असा निष्कर्ष घरात सर्वानुमते निघतो. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. संगीताच्या अंगाची परीक्षा होण्याआधीच विद्यार्थी कातडीच्या परीक्षेत गळालेला असतो.

ही गळती जगभर आहे. अमेरिकेतील फेंडर या प्रसिद्ध गिटार कंपनीचे तत्कालीन प्रमुख अँडी मूनी यांनी २०१० च्या दशकात दिलेल्या माहितीनुसार, कंपनीच्या गिटारींपैकी जवळपास निम्म्या प्रथमच वाद्य हाती घेणाऱ्यांकडे जात आणि त्यांतील सुमारे ९० टक्के लोक वर्षभरात वादन सोडून देत. सोडण्याची कारणे अनेक असतात. वेळ मिळत नाही, शिक्षक बदलतो, गाणे मनासारखे वाजत नाही. पण पहिल्या महिन्यातील गळतीत दुखणाऱ्या बोटांचा वाटा मोठा असतो, हे गिटार शिकवणारा कोणीही सांगू शकेल. हे दुखणे का होते, किती दिवस टिकते, त्यातले किती अटळ आणि किती टाळता येण्याजोगे, हे आधीच कळले तर कपाटावर जाणाऱ्या काही गिटारी तरी खाली राहतील.

दुखते कशामुळे?

गिटारच्या मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांना फ्रेट म्हणतात. सतारीच्या परिभाषेत हेच पडदे. (सोयीसाठी या लेखात तोच शब्द वापरला आहे.) डाव्या हाताचे बोट तार पडद्यावर दाबते, तारेची कंप पावणारी लांबी कमी होते आणि स्वर चढतो. स्टीलच्या तारांच्या नेहमीच्या 'लाइट' संचातील सर्वांत बारीक तार ०.०१२ इंच, म्हणजे सुमारे ०.३ मिलिमीटर जाडीची असते. सहाही तारा योग्य स्वरात लावल्या की त्यांचा एकत्रित ताण ७० किलो वजनाच्या आसपास जातो. इतक्या ताणलेल्या आणि दोऱ्याइतक्या बारीक तारेवर बोटाचे टोक दाबले की सगळा जोर कातडीच्या जेमतेम काही चौरस मिलिमीटरवर एकवटतो. विळीचे पाते भाजी कापते ते याच न्यायाने.

शरीराचे यावरचे उत्तर म्हणजे घट्टा. कातडीच्या बाह्य आवरणात तळाशी सतत नव्या पेशी तयार होत असतात. त्या वर सरकतात, केराटिन या चिवट प्रथिनाने भरतात आणि पृष्ठभागावर येईपर्यंत मृत झालेल्या असतात. हा प्रवास साधारण महिनाभराचा. एकाच जागी दाब आणि घर्षण वारंवार होऊ लागले की तिथे पेशींची निर्मिती वाढते आणि वरचा मृत थर जाड होत जातो. बैलाच्या मानेवर जोखडामुळे, सुताराच्या तळहातावर रंध्यामुळे, पूर्वी जात्याचा खुंटा धरून दळणाऱ्या बायकांच्या हातांवर जे होत असे, तेच गिटारवादकाच्या चार बोटांच्या टोकांवर होते.

भारतीय संगीताच्या श्रोत्यांना यात नवल वाटण्याचे कारण नाही. मींड काढताना तार पडद्यावर आडवी ओढून ओढून सतारवादकाच्या डाव्या तर्जनीवर आणि मध्यमेवर तारेची खाच पडते. ते तेलाचा हात फिरवून वाजवतात. सरोदवादक नखांच्या कडेने तार दाबतात. सारंगीची तर गोष्टच वेगळी. तिथे तार बोटाच्या टोकाने दाबतच नाहीत, नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीने ती बाजूने रेटायची असते आणि घट्टे नेमके तेथे पडतात. त्यांच्या तुलनेत गिटार हे दयाळू वाद्य म्हणावे लागेल.

घट्टा तयार व्हायला वेळ लागतो आणि तो किती लागावा हे कातडी ठरवते, आपला उत्साह नव्हे. रोज थोडे वाजवले तर पहिल्या आठवड्यात टोके लाल होतात आणि हुळहुळतात. साधारण दोन ते चार आठवड्यांत कातडी टणक लागू लागते. पक्का घट्टा बसायला दोन-तीन महिने जातात. मात्र दुखणे त्याच्या बरेच आधी कमी होते, कारण तोवर बोटे तार नेमकी कुठे आणि किती दाबायची हे शिकलेली असतात. मुरलेल्या वादकाच्या बोटांना हात लावून पाहिला तर ती दगडासारखी असतील अशी कल्पना खोटी ठरते. ती गुळगुळीत आणि किंचित चिवट लागतात, इतकेच. नवशिका जेवढा जोर लावतो त्याच्या कितीतरी कमी जोरात त्याचे काम भागते.

आधी वाद्य तपासा

बोटांना दोष देण्याआधी गिटारकडे पाहावे. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते नवशिक्यांच्या अर्ध्या यातना इथेच जन्म घेतात आणि याच गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

तार आणि पडदा यांच्यातील उंचीला गिटारच्या भाषेत 'अॅक्शन' म्हणतात. ती बाराव्या पडद्यापाशी मोजण्याची पद्धत आहे. शाळेतील साधी पट्टी उभी धरली तरी अंदाज येतो. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारवर जाड तारेखाली सुमारे अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेखाली दोन मिलिमीटर किंवा किंचित कमी अंतर असेल तर वाद्य ठीक लावलेले आहे असे समजावे. स्वस्त गिटारींत हे अंतर चार मिलिमीटरच्या घरात गेलेले सहज सापडते. एवढी उंच तार खाली दाबणे हे अनुभवी हातालाही जड जाते, मग पंधरा वर्षांच्या मुलाच्या कोवळ्या बोटांची काय कथा? खुंट्यांच्या बाजूला, मान जिथे सुरू होते तिथे तारा ज्या खाचांतून जातात, त्या 'नट'च्या खाचाही अनेकदा पुरेशा खोल केलेल्या नसतात. परिणामी पहिल्या दोन-तीन पडद्यांवर तार दाबायला अवाजवी जोर लागतो आणि नवशिक्यांच्या सर्व कॉर्ड तर नेमक्या त्याच पडद्यांवर असतात. वाद्यदुरुस्ती करणारा कारागीर नट घासून, खालची पट्टी कमी करून आणि मानेतील सळई पिळून हे दोष काढू शकतो. याला 'सेटअप' म्हणतात. गिटार घेतानाच तो करून मागावा.

कोकण किनाऱ्यावर आणि मुंबई-ठाण्यात यात पावसाळ्याची भर पडते. दमट हवेत लाकूड ओलावा शोषून फुगते, पुढचा फळा किंचित वर येतो आणि त्याच्यासोबत घोडीही वर उचलली जाते. मे महिन्यात सोपी वाटणारी गिटार ऑगस्टमध्ये कडक वाटू लागते ती यामुळे. गंजलेल्या तारा हा दमट हवेचाच दुसरा प्रसाद. गंजाने खरखरीत झालेली तार कातडीला कानशीसारखी घासते. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने तारा पुसून ठेवणे आणि काळ्या पडल्या की बदलणे, एवढ्याने फरक जाणवतो. नव्या तारा महाग वाटतात खऱ्या, पण वर्षानुवर्षे त्याच तारांवर शिकणाऱ्या मुलाची बोटे सोलवटली तर त्याला आळशी ठरवू नये.

तारांची निवडही महत्त्वाची. स्टीलचा 'एक्स्ट्रा लाइट' संच ०.०१० इंचापासून सुरू होतो आणि त्याचा एकूण ताण सुमारे ६० किलोपर्यंत उतरतो. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारवर तो ४० किलोच्या आसपास असतो. शिवाय नायलॉनची पहिली तार सुमारे ०.७ मिलिमीटर, म्हणजे स्टीलच्या दुपटीहून जाड असल्याने ती बोटात कमी रुतते. पूर्वी गिटारच्या तारा प्राण्यांच्या आतड्यांपासून बनवलेल्या तातीच्या असत. अमेरिकेत मार्टिन कंपनीने १९२० च्या दशकात तातीकडून स्टीलकडे मोहरा वळवला. नायलॉनच्या तारा आल्या त्या १९४० च्या दशकात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तातीचा तुटवडा पडला, तेव्हा न्यूयॉर्कचे वाद्यनिर्माते अल्बर्ट ऑगस्टिन यांनी त्या घडवल्या आणि स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया यांनी त्या उचलून धरल्या. लहान मुलांसाठी नायलॉनच्या तारांची, आकाराने अर्धी किंवा पाऊण गिटार उत्तम. मात्र क्लासिकल गिटारला आवाज मोठा यावा म्हणून स्टीलच्या तारा चढवण्याचा उद्योग कोणी करू नये. त्या वाद्याची बांधणी एवढा ताण सोसण्यासाठी नसते. काही दिवसांत घोडी उखडून हातात येते.

आणखी एक सोपी युक्ती आहे. सहाही तारा अर्ध्या स्वराने उतरवून लावल्या की ताण सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतो. मग पहिल्या पडद्यावर कॅपो लावला की मूळ स्वर परत मिळतो आणि नटची उंचीही आड येत नाही. पहिले दोन महिने अशा प्रकारे शिकण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. अमेरिकी ब्लूज वादक स्टीव्ही रे वॉन (१९५४-१९९०) जाडजूड तारा वापरत, पण त्यांची गिटारही अर्ध्या स्वराने उतरवलेली असे.

बोट कुठे ठेवायचे?

तंत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट एका वाक्यात सांगता येते. बोट दोन पडद्यांच्या मधोमध न ठेवता पुढच्या पडद्याला जवळजवळ चिकटून, पण त्याच्या मागे ठेवावे. पडद्यापासून बोट जितके दूर, तितका जोर अधिक लागतो आणि तरीही तार झणझणते. नवशिका झणझणाट ऐकला की आणखी दाबतो. बोट चार मिलिमीटर पुढे सरकवले असते तर काम झाले असते.

किती दाबायचे हे कळण्यासाठी एक छोटा प्रयोग करून पाहावा. पाचव्या पडद्यामागे तर्जनी तारेला नुसती टेकवा आणि उजव्या हाताने तार छेडा. बद्द आवाज येईल. आता छेडत राहा आणि बोटाचा दाब हळूहळू वाढवत जा. आधी खरखर येईल, मग एका क्षणी स्वर स्वच्छ होईल. तिथेच थांबा. एवढाच दाब हवा होता. त्यापुढचा सगळा जोर कातडीवर खर्च होतो, शिवाय तार फाजील ताणली जाऊन स्वर किंचित चढाही होतो. हा प्रयोग प्रत्येक बोटाने, प्रत्येक तारेवर रोज दोन मिनिटे केला तर हाताला सवय लागते. सुरुवात पाचव्या पडद्यापासून करण्याचे कारण असे, की तिथे पडद्यांमधील अंतर कमी असते आणि तार नटपासून दूर असल्याने सहज दबते. कॉर्ड शिकवण्याच्या घाईत बरेच क्लास विद्यार्थ्याला थेट पहिल्या पडद्यावर नेऊन उभे करतात. ते पोहायला शिकणाऱ्याला खोल पाण्यात ढकलण्यासारखे आहे.

बोटाचा मांसल भाग न टेकता टोक टेकले पाहिजे. त्यासाठी बोटांची पेरे कमानीसारखी वाकलेली हवीत. बोट आडवे पडले तर शेजारच्या तारेला लागून ती मुकी होते. डाव्या हाताची नखे अर्थातच बोटांच्या टोकांपुढे येता कामा नयेत. नखे वाढवून गिटार शिकायला आलेल्यांना हा त्याग पहिल्याच दिवशी करावा लागतो. उजव्या हाताचा नियम निराळा आहे. क्लासिकल पद्धतीत त्या हाताची नखे राखतात आणि कानशीने घासून आकारात ठेवतात.

अंगठा मानेच्या मागे, साधारण मध्यमेच्या समोर, सैल टेकलेला असावा. अंगठा आणि बोटे यांच्या चिमटीत मान आवळली की तळहात काही मिनिटांतच भरून येतो. खरे तर दाबाचा बराचसा भाग हाताच्या वजनातून आणि कोपर किंचित मागे ओढल्यातून मिळू शकतो. अंगठा क्षणभर उचलूनही स्वर वाजतो का, हे पाहिले की चिमटा किती अनावश्यक होता ते समजते. मनगट शक्य तेवढे सरळ हवे. यासाठी गिटारची मान आडवी न धरता थोडी वर उचललेली असावी. बसून वाजवतानाही पट्टा लावावा, म्हणजे डाव्या हाताला मान पेलण्याचे काम उरत नाही. सोफ्यावर रेलून वाजवणे सुखाचे वाटते, पण त्यात मनगट नको तितके वाकते.

मग येते ती 'एफ' कॉर्ड. तर्जनी आडवी टाकून पहिल्या पडद्यावरील सहाही तारा एकदम दाबायच्या. अनेकांची गिटार इथे कायमची थांबते. त्यातली खुबी अशी, की तर्जनी किंचित अंगठ्याच्या दिशेने कलवून तिची हाडाची बाजू तारांवर आणायची. मधल्या मऊ सांध्यांत तार शिरली की ती वाजतच नाही. हीच आकृती आधी पाचव्या पडद्यावर जमवावी आणि रोज एकेक पडदा खाली यावे. एका दिवसात ती जमत नाही, कोणालाच नाही.

किती वेळ, आणि बाटलीतील उपाय

रविवारी सलग दोन तास वाजवून उरलेला आठवडा गिटारकडे न पाहणे, हा बोटे सोलण्याचा खात्रीचा मार्ग. अति घर्षणाने कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात, मध्ये पाणी भरते आणि फोड येतो. फोड आला की तिथला घट्टा पुन्हा पहिल्यापासून. याउलट दहा-पंधरा मिनिटांच्या दोन-तीन बैठका रोज झाल्या तर कातडीला जाड होण्याचा इशारा मिळत राहतो आणि ती फाटतही नाही. बोटे झोंबू लागली की थांबावे, आणि त्या वेळात उजव्या हाताचा ठेका किंवा ऐकण्याचा सराव करावा. आंघोळीनंतर किंवा भांडी घासल्यानंतर कातडी मऊ झालेली असते. अर्धा तास तरी जाऊ द्यावा. फोड आलाच तर तो फोडू नये, दोन-तीन दिवस विश्रांती घ्यावी.

बोटे लवकर टणक व्हावीत म्हणून स्पिरिट, व्हिनेगर, कसलेकसले काढे सुचवणारे पुष्कळ भेटतात. स्पिरिटने कातडी कोरडी पडते हे खरे, पण कोरडी पडलेली कातडी तडकते आणि तडकलेल्या घट्ट्यातून रक्त आले की आठवडा वाया जातो. हिवाळ्यात पुणे-नाशिककडे तर रात्री झोपताना बोटांना थोडे खोबरेल लावलेले बरे. घट्ट्याचा पापुद्रा सुटू लागला तर तो दाताने किंवा नखाने ओढू नये, बारीक कानशीने घासून सारखा करावा. वर उल्लेखिलेले वॉन फाटलेल्या बोटावर झटपट चिकटणारा गोंद लावून मैफल पुरी करत, अशी कथा सांगितली जाते. पोटासाठी रोज रंगमंचावर उभे राहणाऱ्याची ती अगतिकता होती, घरी शिकणाऱ्याने तिचे अनुकरण करण्याचे प्रयोजन नाही. बाजारात मिळणाऱ्या सिलिकॉनच्या टोप्यांनी दुखणे थांबते, परंतु घट्टाही पडत नाही आणि तारेचा स्पर्श कळेनासा होतो.

बोटे हेच भांडवल असलेल्यांनी त्यांच्याविना कसे निभावले, याची दोन उदाहरणे गिटारच्या इतिहासात नेहमी दिली जातात. जँगो राइनहार्ट यांचा डावा हात १९२८ मध्ये आगीत भाजला आणि दोन बोटे जवळपास निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांवर त्यांनी जॅझ गिटारची स्वतंत्र शैली उभी केली. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात १९६५ मध्ये टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात तुटली. ते डावखुरे असल्याने तार दाबणारा हात तोच. त्यांनी वितळवलेल्या प्लास्टिकची टोपणे करून त्यांवर चामडे चिकटवले, हलक्या तारा चढवल्या आणि पुढे 'ब्लॅक सॅबथ'सोबत तारा उतरवूनही लावल्या. आपल्याकडे पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी १९६० च्या दशकातील 'कॉल ऑफ द व्हॅली'त जी गिटार वाजवली, ती मात्र मांडीवर आडवी ठेवून तारांवर धातूचा दांडा सरकवण्याच्या हवाईयन पद्धतीची. तिथे बोटाने तार पडद्यावर दाबण्याचा प्रश्नच येत नाही.

कोणते दुखणे सोसायचे नाही?

इथे गल्लत झाली तर नुकसान मोठे होते. बोटाच्या टोकाची कातडी झोंबणे, स्पर्शाला हुळहुळणे, टोकावर तारेची रेघ उमटणे, टोकाची कातडी काही काळ बधिर वाटणे हे सारे नेहमीचे. पण मनगटात, कोपरापर्यंतच्या हातात किंवा अंगठ्याच्या मुळाशी कळ येत असेल, बोटांत मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, पकड कमी झाल्यासारखी वाटत असेल, तर तो कातडीचा विषय उरत नाही. स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा सुजल्याची किंवा मनगटातील मज्जातंतू दाबला जात असल्याची ती खूण असू शकते. अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांत मुंग्या येणे हे त्यातले विशेष लक्षण. दिवसभर संगणकावर आणि मोबाइलवर काम करून रात्री गिटार धरणाऱ्यांनी याकडे अधिक लक्ष द्यावे, कारण त्यांचे मनगट आधीच थकलेले असते. 'दुखल्याशिवाय येत नाही' हा सल्ला घट्ट्यांपुरता ठीक आहे, मनगटासाठी घातक आहे. वादन थांबवावे, आठवड्यात आराम पडला नाही तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि परत सुरुवात करताना शिक्षकांकडून बैठक तपासून घ्यावी.

मधुमेहींनी थोडी अधिक काळजी घ्यावी. त्यांच्या जखमा भरायला वेळ लागू शकतो, तेव्हा फोड किंवा भेग अंगावर काढू नये. घरी रक्तातील साखर तपासण्यासाठी सुई टोचताना घट्टे पडलेल्या बोटांतून रक्त नीट येत नाही. त्यासाठी दुसऱ्या हाताचे बोट आणि त्यातही टोकाची कड वापरावी.

परीक्षेसाठी किंवा प्रवासामुळे वादन थांबले तर घट्टे काही आठवड्यांत झडून जातात. पुन्हा सुरुवात केल्यावर दुखतेही, पण दाब किती द्यायचा हे हाताला माहीत असल्याने या वेळी मुदत कमी लागते. एक किरकोळ गैरसोय मात्र राहते. घट्ट्यांमुळे बोटांवरील रेषा पुसट होतात आणि मोबाइलचे किंवा कार्यालयातील हजेरीचे यंत्र डाव्या हाताचा ठसा ओळखायला कुरकुर करते. नोंद करताना उजव्या हाताचे बोट द्यावे.